विचारलं देवाला, निघाले मिसरला

यरुशलेम पडल्यावर यहूदात उरलेल्या लोकांनी यिर्मया संदेष्ट्याला प्रार्थना करायला सांगितली, उत्तराची वाट पाहिली, उत्तर स्पष्ट मिळालं, आणि नेमकं त्याच्या उलट केलं. यिर्मयाच्या पुस्तकात 40 ते 44 या अध्यायांत हे प्रकरण तपशीलवार नोंदलेलं आहे. पवित्र शास्त्रात आज्ञाभंगाच्या कहाण्या काही कमी नाहीत. योना उलट दिशेचं जहाज पकडतो, शौल निम्मी आज्ञा पाळून उरलेली सोयीने गाळतो. या प्रकरणातली माणसं मात्र पळाली नव्हती. लहानथोर सगळी आपणहून संदेष्ट्याकडे आली आणि देवाला साक्षी ठेवून म्हणाली, बरं असो की वाईट, आम्ही ऐकू.

माझं मत आधीच सांगून टाकतो. या लोकांनी देवाची आज्ञा उघडपणे नाकारलीच नाही. ‘देव असं म्हणालाच नाही’ एवढंच ते म्हणाले. विश्वासणाऱ्या माणसाचा आज्ञाभंग बहुधा याच वाटेने होतो, आणि म्हणून हे प्रकरण सावकाश उलगडून पाहण्याजोगं आहे.

मिस्पात काय घडलं

इ.स.पू. 586 च्या सुमारास यरुशलेम पडलं. मंदिर जळालं, तट पाडले गेले, राजा सिद्कीयाचे डोळे काढून त्याला बेड्या घालून बाबेलला नेलं. बाबेलच्या फौजेचा सरदार नबूजरदान याने देशातल्या कंगालांना मात्र मागे ठेवलं आणि त्यांना द्राक्षमळे व शेतं दिली. त्यांच्यावर अधिकारी नेमला तो अहीकामाचा मुलगा गदल्या. यहोयाकीम राजाच्या काळात लोक यिर्मयाच्या जिवावर उठले होते, तेव्हा याच अहीकामाने त्याला वाचवलं होतं. गदल्याने यरुशलेमच्या उत्तरेला मिस्पा इथे ठाणं मांडलं आणि लोकांना सांगितलं, खास्द्यांना (बाबेलच्या लोकांना) भिऊ नका, देशात राहा, बाबेलच्या राजाची सेवा करा, तुमचं भलं होईल. मवाब, अम्मोन, अदोम इकडे पांगलेले यहूदी ही बातमी ऐकून परतले. त्या हंगामात द्राक्षारस आणि उन्हाळी फळं भरपूर साठवली गेली असं 40:12 सांगतं. म्हणजे बेचिराख झालेल्या देशात पहिलं पीक हाती आलं होतं. ‘या देशात आता काही उरलं नाही’ असं पुढे वाटायला लागतं, तेव्हा हे पीक कोणाला आठवत नाही.

यिर्मयाही मिस्पातच होता. रामा इथे बंदिवासात चाललेल्या कैद्यांमधून नबूजरदानाने त्याच्या बेड्या काढल्या होत्या आणि निवड त्याच्यावर सोपवली होती: बाबेलला चल, मी तुझी नीट काळजी घेईन, नाहीतर हा सगळा देश तुझ्यापुढे आहे, वाटेल तिथे जा. यिर्मया मागे राहिला. पुढच्या आरोपाच्या संदर्भात ही निवड महत्त्वाची ठरते.

मग राजघराण्यातला इश्माएल आला. त्याच्यामागे अम्मोनचा राजा बालीस होता. योहानान नावाच्या सेनानायकाला या कटाची कुणकुण लागली होती. त्याने गदल्याला सावध केलं, गुपचूप इश्माएलचा काटा काढायचीही तयारी दाखवली. गदल्याचा विश्वास बसला नाही; तू इश्माएलवर खोटा आळ घेतोस, असं तो म्हणाला. सातव्या महिन्यात इश्माएल दहा माणसं घेऊन मिस्पाला आला, गदल्याच्या पंगतीला जेवला आणि तिथेच त्याने गदल्याला, त्याच्याबरोबरच्या यहूद्यांना आणि खास्दी शिपायांना मारलं. दुसऱ्या दिवशी शखेम, शिलो आणि शोमरोनहून 80 माणसं अर्पणं घेऊन परमेश्वराच्या घराकडे निघाली होती. दाढ्या काढलेली, कपडे फाडलेली. इश्माएल रडत त्यांना सामोरा गेला, आत घेऊन आला आणि 70 जणांना कापून त्यांची प्रेतं विहिरीत टाकली. शेतात गहू, जव, तेल, मध पुरून ठेवलाय असं सांगणारे दहा जण तेवढे वाचले. उरलेल्या लोकांना, त्यांत राजकन्याही होत्या, पकडून तो अम्मोनकडे निघाला. योहानानाने त्याला गिबोनच्या मोठ्या तळ्यापाशी गाठलं. लोक सुटले. इश्माएल आठ माणसांसह निसटला.

या भागावरच्या प्रवचनांत योहानानाला सरसकट खलनायक करून टाकतात. मला ते पटत नाही. आतापर्यंतच्या हकिगतीत सगळ्यात जागरूक माणूस तोच आहे. धोका त्याने ओळखला, त्याचं कोणी ऐकलं नाही, आणि ज्यांनी ऐकलं नाही ते मेले. मग जीव धोक्यात घालून लोकांना सोडवलंही त्यानेच. अशा माणसाचा स्वतःच्या अंदाजावर भरवसा बसणार नाही तर काय? पुढे जो विश्वास कोसळला, त्याची सुरुवात मला इथे दिसते, आणि ती कुठल्या पापात नाही. ती त्याचं म्हणणं खरं ठरण्यात आहे. एकदा धोक्याचा वास बरोबर लागला की पुढच्या वेळी देवाचं वचनही त्याच नाकाने हुंगलं जातं.

जे विचारलं आणि जे विचारलं नाही

सुटका झाल्यावर योहानान लोकांना घेऊन मिस्पाला परतला नाही. तो दक्षिणेकडे सरकला आणि बेथलेहेमजवळ गेरूथ किम्हाम इथे त्याने मुक्काम केला. मिस्पा यरुशलेमच्या उत्तरेला, बेथलेहेम दक्षिणेला. म्हणजे उद्ध्वस्त राजधानी मागे टाकून हे लोक मिसरच्या (इजिप्तच्या) दिशेने पुढे आले होते. लेखक आडपडदा ठेवत नाही. मिसरला जायचं म्हणून ते तिथे उतरले, असं 41:17 मध्ये सरळ लिहिलं आहे. बाबेलने नेमलेला अधिकारी मारला गेला, आता खास्दी सूड घेतील, हे त्यांचं भय.

या मुक्कामावरून ते यिर्मयाकडे गेले. त्यांची विनंती 42:1-3 मध्ये आहे, आणि ऐकायला ती निर्दोष आहे: आम्ही फार थोडे उरलो आहोत, तू पाहतोसच, तुझा देव परमेश्वर याच्याजवळ आमच्यासाठी प्रार्थना कर, आम्ही कोणत्या वाटेने जावं आणि काय करावं हे तो आम्हांला दाखवो. नम्रता आहे, गरज आहे, मार्गदर्शनाची मागणी आहे. फक्त एक गोष्ट नाही. त्या विनंतीत मिसरचं नाव कुठेच नाही.

आता देवाचं उत्तर काढून बघा. 42:9 ते 22 अशी चौदा वचनं आहेत आणि त्यांतली बहुतेक मिसरबद्दल आहेत. जे त्यांनी विचारलंच नाही त्याचंच उत्तर विस्ताराने आलं. मिसरला का जायचं याची त्यांच्या मनातली कारणंसुद्धा देव एकेक करून बोलून दाखवतो: तिथे लढाई दिसणार नाही, रणशिंगाचा आवाज कानी पडणार नाही, भाकरीवाचून भूक मारावी लागणार नाही. वेढ्यात दीड वर्ष काढलेल्या माणसांच्या तोंडून निघावीत अशीच ही वाक्यं आहेत. तटाआड उपासमार सोसलेल्या माणसाला पोटभर भाकरीचा देश स्वप्नात दिसला तर त्याला दोष कोण देईल?

दोष इच्छेत नव्हता. ती लपवण्यात होता. स्तोत्रसंहितेत देवापुढे ओतलेली भीती पानोपानी आहे आणि एकदाही देव तिच्यावर रागावत नाही. गेथशेमाने बागेत येशूने स्वतःची इच्छा अगदी स्पष्ट मांडली: हा प्याला माझ्यावरून टळू दे. मग ‘तरी माझ्या इच्छेप्रमाणे नको’ हे आलं. आधी इच्छा उघडी झाली, मग ती वडिलांच्या हाती दिली गेली. या लोकांनी पहिली पायरी गाळली आणि थेट दुसरीवर उडी मारली. आमची काहीच इच्छा नाही, देव म्हणेल ते, असं म्हणून मोकळे झाले. हातात नसलेली गोष्ट देता येत नाही. मिसरची इच्छा त्यांनी हातात घेतलीच नव्हती, ती सामानात बांधलेली होती.

यहेज्केल संदेष्ट्याकडे काही वडील असेच सल्ला विचारायला येऊन बसतात, तेव्हा परमेश्वर त्याला सांगतो की या माणसांनी आपल्या मूर्ती हृदयात बसवल्या आहेत, अशांना मी माझ्याकडे विचारू द्यावं काय (यहेज्केल 14). यिर्मयाकडे आलेल्यांना मात्र देवाने उत्तर नाकारलं नाही. मला ही मोठीच कृपा वाटते.

दहा दिवस

उत्तर यायला दहा दिवस लागले. इथे यिर्मयाकडे नीट पाहावं. बाबेलला शरण जा, देशात राहा, हे तो वर्षानुवर्षं सांगत आला होता. त्यासाठी मार खाल्ला, कैद भोगली, चिखलाच्या विहिरीत सोडला गेला. त्याचं मत सगळ्यांना तोंडपाठ होतं. योशीयाच्या तेराव्या वर्षी, म्हणजे इ.स.पू. 627 मध्ये, त्याला पाचारण झालं होतं. चाळीस वर्षं जे सांगितलं ते डोळ्यांदेखत खरं ठरलं होतं. असा माणूस ‘यात विचारायचं काय, मी सांगितलंच आहे’ असं म्हणून पाच मिनिटांत उत्तर देऊ शकला असता. तो थांबला. स्वतःचं मत आणि परमेश्वराचं वचन यांत त्याने अंतर ठेवलं, ती दोन्ही शेवटी एकच निघाली तरी. मार्गदर्शनासाठी येणाऱ्यांना जागच्या जागी ‘प्रभू मला सांगतोय’ म्हणणाऱ्या आपल्यातल्या सेवकांनी हे दहा दिवस मनावर घ्यायला हरकत नाही.

आणि मुक्कामावरच्या लोकांचं काय झालं असेल? थांबणं हीसुद्धा आज्ञापालनाची परीक्षा असते. शौलाला शमुवेलासाठी सात दिवस थांबायचं होतं. फौज पांगायला लागली आणि त्याने स्वतःच होम उरकला. हे लोक त्या मानाने टिकले. निघून गेले नाहीत. पण थांबून त्यांचं मन वळलं नाही, उलट घट्ट झालं, कारण ते मिसरच्या वाटेवरच्या मुक्कामात थांबले होते. मिस्पाला परत जाऊन, पिकाच्या कोठाराशेजारी बसून उत्तराची वाट पाहिली असती तर ‘राहा’ हा शब्द इतका अशक्य वाटला नसता, असं मला राहून राहून वाटतं. वाट पाहायला माणूस कुठे बसतो यावर पुष्कळ अवलंबून असतं.

राहण्याची आज्ञा

उत्तर असं होतं: या देशात राहाल तर मी तुम्हांला बांधीन, पाडणार नाही, तुम्हांला लावीन, उपटणार नाही. बाबेलच्या राजाला भिऊ नका, मी तुमच्याबरोबर आहे. तो तुमच्यावर दया करील असं मी करीन.

बांधणं आणि लावणं हे यिर्मयाच्या पाचारणातलेच विषय आहेत. पहिल्या अध्यायात त्याला उपटायला, मोडायला, आणि बांधायला व लावायला नेमलं गेलं. चाळीस वर्षं बहुतेक मोडण्याचंच काम वाट्याला आलं. बांधण्याची वेळ खरोखर दारात आली ती आता, आणि ज्यांच्यासाठी आली ते सामान बांधून बसलेले.

ही आज्ञा पाळायला काही करायचं नव्हतं, आणि ती जड का गेली याचं उत्तर इथेच आहे. अब्राहामाला ‘नीघ’ असं सांगितलं गेलं आणि कुठे जातोय हे ठाऊक नसताना तो निघाला. इब्री लोकांस पत्राच्या 11 व्या अध्यायामुळे विश्वास म्हटलं की आपल्याला चालायला लागलेला माणूसच दिसतो. पण उत्पत्ती 26 मध्ये दुष्काळ पडलेला असताना इसहाकाला सांगितलं आहे ते ‘मिसरला जाऊ नकोस, मी सांगेन त्या देशात राहा’. धोका समोर दिसत असताना जागचं न हलणं भित्र्या माणसाला आळस वाटतं, शूर माणसाला भेकडपणा वाटतो. योहानान शूर होता. त्याला ‘चढाई कर’ सांगितलं असतं तर बहुधा तो गेला असता.

‘तू खोटं बोलतोस’

यिर्मयाचं बोलणं अजून संपलेलं नाही, लोकांनी तोंडही उघडलेलं नाही, आणि तो म्हणतो: मी आज तुम्हांला सांगितलं, पण तुम्ही ऐकलं नाही (42:21). समोरचे चेहरे त्याने वाचले असणार.

मग 43:2 मध्ये अजऱ्या, योहानान आणि सगळे उद्दाम लोक बोलतात. त्यांचं वाक्य बारकाईने वाचण्यासारखं आहे. ‘आम्ही ऐकणार नाही’ असं ते म्हणत नाहीत. म्हणतात, तू खोटं बोलतोस; आमचा देव परमेश्वर याने तुला हे सांगायला पाठवलेलं नाही; नेरीयाचा मुलगा बारूख (यिर्मयाचा लेखनिक) तुला आमच्याविरुद्ध चिथवतोय, आम्हांला खास्द्यांच्या हाती द्यायला. दहा दिवसांपूर्वीची शपथ अशी शाबूत राहिली. परमेश्वर सांगेल ते ऐकू म्हणाले होते. आता परमेश्वराने सांगितलंच नाही असं ठरल्यावर शपथ मोडली कुठे?

आरोप तपासून पाहू. यिर्मया बाबेलला विकला गेलेला असता तर रामा इथेच त्याने नबूजरदानाचं आमंत्रण घेतलं असतं. त्याने कंगालांबरोबर राहणं पसंत केलं. वेढा चालू असताना त्याने अनाथोथमधलं शेत 17 शेकेल रुपं मोजून विकत घेतलं होतं (यिर्मया 32). शत्रूच्या ताब्यात गेलेल्या जमिनीचा तो सौदा म्हणजे या देशात घरं, शेतं, द्राक्षमळे पुन्हा विकत घेतले जातील या वचनावर त्याने लावलेला रोख पैसा होता. ते खरेदीखत, मोहरबंद प्रत आणि उघडी प्रत अशी दोन्ही, मातीच्या मडक्यात जपून ठेवायला कोणाच्या हाती दिलं? बारूखाच्या. ज्या माणसाने ‘या देशात राहायचंय’ याचा लेखी पुरावा सांभाळला, त्याच्यावरच देश विकल्याचा आळ आला.

म्हणजे यिर्मयावर विश्वास ठेवायला भरपूर आधार होता. त्यांनी तो तपासला नाही. संदेशाची छाननी न करता संदेश आणणाऱ्याच्या हेतूची चर्चा सुरू झाली, आणि तीही थेट यिर्मयावर न करता शेजारच्या लेखनिकावर. मंडळीतल्या वादांतही हे हमखास दिसतं. वचनाला उत्तर नसलं की ‘पाळकांच्या कानाला कोण लागलंय ते आम्हांला माहीत आहे’ हे वाक्य येतं.

भीती पोकळ होती का

इथे प्रामाणिक असायला हवं. योहानानाची भीती वेडगळ नव्हती. याच पुस्तकाच्या 52:30 मध्ये नोंद आहे की बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याच्या तेविसाव्या वर्षी आणखी 745 यहूदी बंदिवान करून नेले गेले. गदल्याच्या खुनाशी त्याचा संबंध पुष्कळ अभ्यासक जोडतात. बाबेल खरोखरच परत आला होता.

तरी दोन गोष्टी आहेत. देवाने बाबेलचा राजा सज्जन आहे असं कधी म्हटलं नाही. त्या राजाच्या मनात मी दया घालीन असं म्हटलं, आणि त्याला ‘राहाल तर’ ही अट होती. दुसरं, तो धोका उद्याचा नव्हता. एज्राला बाबेलहून यरुशलेमला यायला चार महिने लागले होते (एज्रा 7:9). खुनाची बातमी तिकडे पोहोचून फौज निघून इकडे येईपर्यंत दहा दिवस थांबायला, विचार करायला, स्वतः दूत पाठवून आपली बाजू मांडायलाही सवड होती. खुनी इश्माएल होता, आणि त्याच्याशी लढलेले हे होते. ही बाजू भक्कम होती. भीतीने धोका निर्माण केला नाही, पण तो फार जवळ आणून ठेवला.

विश्वास म्हणजे धोका नाही असं मानणं नव्हे. धोक्याबद्दल आपण जे जाणतो आणि देव जे बोलला, यांतल्या कशाला शेवटचा शब्द द्यायचा, एवढाच प्रश्न गेरूथ किम्हामला होता. रोमकरांस पत्राच्या सुरुवातीलाच पौल विश्वासाच्या आज्ञापालनाबद्दल बोलतो, तेव्हा ही दोन वेगळी कामं म्हणून तो मांडत नाही. या लोकांनी आज्ञा मोडली ती मिसरच्या हद्दीवर पाय टाकला तेव्हा. विश्वास मात्र मुक्कामावरच गेला होता.

मग प्रत्येक ‘प्रभू म्हणतो’ ऐकायचं का?

हा प्रश्न टाळून हा भाग शिकवला तर नुकसान होतं. ‘माझं ऐकलं नाहीस म्हणजे देवाचं ऐकलं नाहीस’ असं म्हणणारे पुढारी यिर्मया 42 आनंदाने वापरतील. त्यांना 1 राजे 13 वाचायला द्यावं. यहूदातून आलेल्या देवाच्या माणसाला आज्ञा होती की तिथे भाकर खायची नाही, पाणी प्यायचं नाही. एका वृद्ध संदेष्ट्याने खोटंच सांगितलं की देवदूताने मला तुला घरी आणायला सांगितलंय. याने ते ऐकलं, जेवला, आणि परतीच्या वाटेवर सिंहाने त्याला मारलं. त्याचा अपराध ऐकणं हाच होता. देवाने स्वतः दिलेल्या स्पष्ट शब्दापेक्षा दुसऱ्या माणसाच्या अधिकाराला त्याने वर ठेवलं.

यिर्मया 28 मध्ये हनन्या संदेष्टा दोन वर्षांत बाबेलचं जू मोडेल असं गोड भाकीत करतो. यिर्मया त्याला आमेन म्हणतो, तसं होवो म्हणतो, आणि वाद न घालता निघून जातो. वचन आलं तेव्हा परत येतो. खऱ्या सेवकाची लक्षणं मला या वागण्यात दिसतात: तो घाई करत नाही, त्याच्या संदेशात त्याचा फायदा नसतो, आधी प्रकट झालेल्या वचनाशी तो जुळतो, आणि लोकांनी नाकारलं तर तो बळजबरी करत नाही. मिसरकडे परतू नका हे अनुवाद 17:16 मध्ये होतंच. यशयाने मिसरच्या घोड्यांवर भिस्त ठेवणाऱ्यांना हाय हाय म्हटलं होतंच. बिरुयातल्या लोकांसारखं शास्त्र उघडून पडताळणी करायची तर साधनं हाताशी होती. तपासणं हे अविश्वासाचं लक्षण नाही. या प्रकरणात तपास झालाच नाही.

तहपन्हेसनंतर

ते मिसरच्या सीमेवरच्या तहपन्हेसला पोहोचले. तिथे फारोच्या वाड्याच्या दारापाशी विटांच्या फरसबंदीत मोठे धोंडे पुरायला यिर्मयाला सांगितलं गेलं. नबुखद्नेस्सर आपलं सिंहासन नेमकं इथे मांडील. 1886 मध्ये फ्लिंडर्स पेट्री यांनी नाईलच्या त्रिभुज प्रदेशाच्या पूर्व कडेला तेल देफेन्ने इथे (हीच तहपन्हेसची जागा मानली जाते) उत्खनन केलं तेव्हा किल्ल्यापुढे विटांचा मोठा चौथरा सापडला, आणि तिथले लोक त्या अवशेषांना ‘यहूद्याच्या मुलीचा वाडा’ म्हणत होते. नबुखद्नेस्सराच्या 37 व्या वर्षी, इ.स.पू. 568-567 मध्ये, त्याने मिसरवर स्वारी केल्याचा उल्लेख बाबेलच्या एका फुटक्या मृत्तिकापट्टिकेवर आहे. ज्या तलवारीला भिऊन गेले तीच मागोमाग आली.

पण मला 44 व्या अध्यायातला वाद स्वारीपेक्षा जास्त अस्वस्थ करतो. ‘आकाशाची राणी’ या देवीला धूप जाळणाऱ्या स्त्रिया आणि त्यांचे नवरे यिर्मयाला म्हणतात: आम्ही हे करत होतो तेव्हा पोटभर भाकर होती, सगळं ठीक होतं, सोडलं तेव्हापासून सगळ्याची वाण पडली. यिर्मया त्याच इतिहासाकडे पाहून नेमकं उलटं सांगतो. घटना त्याच, उपासमार तीच. घटना आपला अर्थ स्वतः सांगत नाहीत, हे विसरून आपण ‘देवाने दार उघडलं’ आणि ‘देवाने दार बंद केलं’ असं किती सहज बोलून जातो! मिसरचं दार उघडंच होतं. आता ते ‘आम्ही ऐकणार नाही’ हेही स्पष्ट बोलतात (44:16). गेरूथ किम्हामला जे आडून बोललं गेलं होतं त्यावरचा पडदा इथे गेला.

मंडळीत लोक निर्णयासाठी प्रार्थना मागायला येतात: लग्न, नोकरी, घर सोडणं, एखाद्याला माफ करणं. प्रार्थना करण्याआधी मी हल्ली एकच विचारतो: उत्तर तुम्हांला हवं त्याच्या उलट आलं तर तुम्ही कोणावर संशय घ्याल? बहुतेक जण हसतात. काही जण गप्प होतात, आणि मग खरी गोष्ट सांगायला लागतात. प्रार्थना तिथून सुरू करता येते.

राहिले ते ज्यांना कोणी विचारलंच नाही. 43:6 मध्ये यादी आहे: पुरुष, स्त्रिया, मुलं, राजकन्या, यिर्मया संदेष्टा आणि बारूख. सेनानायकांच्या निर्णयाबरोबर सगळे गेले. आज्ञा पाळणारा माणूस न पाळणाऱ्यांच्या तांड्यात ओढला गेला, आणि परमेश्वराचं वचन त्याच्याकडे तहपन्हेसमध्येही आलं. यिर्मयाचं पुस्तक या वादानंतर लगेच मागे वळून इ.स.पू. 605 मधला एक छोटा संदेश देतं, बारूखासाठी. तू स्वतःसाठी मोठमोठ्या गोष्टी पाहतोस काय? पाहू नकोस. सर्व मानवजातीवर अरिष्ट येतंय, पण तू जाशील तिथे तुझा जीव तेवढा लूट म्हणून मी तुला देईन. देश विकल्याचा आळ डोक्यावर घेऊन मिसरला गेलेल्या लेखनिकाला हे वचन आधीच मिळालेलं होतं, आणि ते लिहून ठेवायचं काम त्याचंच होतं.